चर्र आवाज आला की हात थांबवा: घरच्या घरी स्ट्रेटनर, टाँग आणि ड्रायर

भाचीच्या साखरपुड्याची सकाळ. सात वाजता तिच्या खोलीत डोकावले तर ती आरशासमोर बसून केस सरळ करत होती. नुकतीच केसांवरून न्हाली होती, केस हाताला अजून दमट लागत होते. एकेक बट स्ट्रेटनरच्या दोन पट्ट्यांमध्ये धरली की चर्र असा बारीक आवाज यायचा आणि पांढरी वाफ निघायची. "मावशी, बघ ना, सीरम कसं आत बसतंय," ती म्हणाली. मी तिच्या हातातून स्ट्रेटनर घेतला आणि बटण बंद केलं. तो आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा होता. पुऱ्या तळताना तेलात पाण्याचा थेंब पडला की येतो, तोच.

कारणही तेच आहे. आपण पुऱ्या, भजी तळतो तेव्हा तेल साधारण 170 ते 180 अंश सेल्सिअसला असतं. बाजारात मिळणारे बरेचसे स्ट्रेटनर 200 ते 230 अंशांपर्यंत जातात. पाणी 100 अंशांनाच उकळतं. कढईत ओला झारा घालायचा नाही, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण त्याहून तापलेल्या पट्ट्यांमध्ये ओले केस आपण रोज सहज धरतो, कारण त्यातलं पाणी डोळ्यांना दिसत नाही.

ते पाणी असतं कुठे, हे आधी पाहू. केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा. बाहेरून त्यावर कौलारू घरासारखे पातळ खवले एकावर एक बसलेले असतात, मुळाकडून टोकाकडे उतरत जाणारे. कौलांच्या आत केराटिनच्या लांबच लांब साखळ्या असतात. केस वाळलाय असं आपण म्हणतो, तेव्हाही नेहमीच्या हवेत त्याच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के पाणी आत मुरलेलं असतंच. न्हाल्यावर हे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास जातं.

या साखळ्या एकमेकींना दोन मुख्य प्रकारच्या बंधांनी धरून ठेवतात. एक पक्का, गंधकाचा. तो पाण्याने सुटत नाही. पार्लरमध्ये रीबाँडिंग करतात तेव्हा रसायन लावून हाच बंध तोडतात आणि पुन्हा जोडतात. म्हणून ते केस पुढचं न्हाणं झालं तरी सरळ राहतात, आणि म्हणूनच ते आधीच नाजूक झालेले असतात. दुसरा बंध कच्चा, हायड्रोजनचा. तो पाणी लागलं की सुटतो आणि पाणी गेलं की ज्या आकारात केस असेल त्याच आकारात पुन्हा बसतो. शाळेत असताना रात्री ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपलं की सकाळी केसांत लाटा यायच्या, आठवतं? तेव्हा घरात टाँग, म्हणजे केस वळवायची गरम नळी, नव्हती. पाण्याने बंध सोडले, वेणीने आकार दिला, सुकताना बंध पुन्हा बसले. स्ट्रेटनर आणि टाँग हेच काम पाण्याऐवजी उष्णतेने, रात्रभराऐवजी पाच-सात सेकंदांत करतात. याहून जास्त काही करत नाहीत. घरच्या कुठल्याही यंत्राचा परिणाम पुढच्या न्हाण्यापर्यंत किंवा पुढच्या दमट दिवसापर्यंतच टिकतो, आणि ते तसंच असायला हवं. त्याहून जास्त टिकणारा बदल म्हणजे केसाच्या आतलं काहीतरी कायमचं बिघडलं.

ओल्या केसावर तापलेली पट्टी आली की आतलं पाणी झटक्यात उकळतं. वाफ व्हायची तर जागा हवी, आणि कौलं बंद असतात. मग वाफ आतून रेटा देते. ज्वारीची लाही अशीच फुटते: दाण्यातला ओलावा वाफ होतो आणि दाणा उलटतो. केसात बुडबुडे तयार होतात, सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळीने दिसतात. त्वचारोगतज्ज्ञ याला बबल हेअर म्हणतात. 1986 साली याची पहिल्यांदा नोंद झाली, आणि नंतरच्या प्रयोगांत असं दिसलं की ओल्या केसावर 125 अंशांची टाँग मिनिटभर धरली तरी बुडबुडे येतात. अनेक यंत्रांवर तर सगळ्यात खालचा आकडाच 125 च्या वर असतो. बुडबुडा असलेला केस त्या जागी पोकळ होतो आणि विंचरताना तिथेच तुटतो. भाचीच्या कपाळावरच्या बटा मी उजेडात धरून पाहिल्या तेव्हा टोकांपासून बोटभर वर बारीक पांढरे ठिपके दिसत होते, आणि बट चिमटीत धरून हलकेच ओढली की केस नेमका ठिपक्याशी तुटत होता. हे ठिपके बुडबुड्यांचे असतात असं नाही, बहुतेकदा तिथे कौलं निघून आतले तंतू झाडूसारखे फिसकारलेले असतात. पण केस तिथे संपलाय, एवढं त्यावरून नक्की कळतं.

मग ओल्या केसांना ड्रायर कसा चालतो? हा प्रश्न तिने लगेच विचारला, आणि प्रश्न बरोबर आहे. उत्तर माठात आहे. माठ पाझरतो, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून माठ गार राहतो. ड्रायरच्या गरम हवेत ओला केसही तसाच, स्वतःचं पाणी उडवत, हवेपेक्षा बराच थंड राहतो. वाफ बाहेर पडायला वाट असते आणि वेळ असतो. स्ट्रेटनरच्या दोन पट्ट्या केस दाबून धरतात, तिथे ना वाट ना वेळ. पण माठातलं पाणी संपलं की माठही तापतो. ड्रायरचा खरा धोका सुरुवातीला नसतो, शेवटच्या तीन-चार मिनिटांत असतो, जेव्हा केस वाळलेले असतात आणि आपण "अजून थोडं" म्हणत राहतो.

ड्रायरच्या अंतराबद्दल दक्षिण कोरियातला 2011 चा एक अभ्यास मला फार उपयोगी वाटतो. केसांचे पुंजके तीस-तीस वेळा धुऊन वेगवेगळ्या अंतरावरून वाळवले. 15 सेंटिमीटरवर केसाशी हवा 47 अंश भरली, 10 वर 61, आणि 5 सेंटिमीटरवर 95. अंतर कमी होत गेलं तसे वरचे खवले जास्त खराब झाले. मात्र ज्या केसांना ड्रायर लावलाच नाही, नुसते वाळू दिले, त्यांच्या आतल्या थरांना जोडणारा पापुद्रा बिघडलेला दिसला, कारण केस फार वेळ पाण्याने फुगलेला राहिला. म्हणून संशोधकांनी सुचवलं की वीतभर अंतरावरून, हात सतत हलता ठेवून वाळवणं हे नुसतं ओलं सोडण्यापेक्षा बरं. "ड्रायरने केस जातात, आपोआप वाळू द्यावेत" हे आपल्याकडे सरसकट सांगितलं जातं. लांब आणि दाट केस असतील, पावसाळ्यात ते तासन्‌तास ओलेच राहत असतील, तर ते तितकंसं खरं नाही. पंच्याने टिपून घ्या, घासू नका, अर्ध्याहून जास्त आपोआप वाळू द्या आणि उरलेलं ड्रायरने. हवेचा झोत मुळाकडून टोकाकडे. कौलांवरून पाणी उतरतं त्या दिशेने गेलात तर कौलं बसतात, उलट गेलात तर उचकटतात आणि केस भुरभुरीत दिसतात.

आता खरेदी. दुकानात गेलं की पहिली चर्चा पट्ट्यांची होते: सिरॅमिक, टायटॅनियम, टुर्मलिन. त्यात तथ्य नाही असं नाही. सिरॅमिक उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं, टायटॅनियम लवकर तापतं आणि केसाला उष्णता झपाट्याने देतं, म्हणून ते राठ, दाट केसांना आणि सराईत हाताला बरं. टुर्मलिन हे खनिज आहे, त्याची पूड लेपात मिसळतात. स्वस्त यंत्रात सिरॅमिक म्हणजे बहुधा धातूवरचा पातळ लेप असतो. तो टवका निघालेल्या नॉनस्टिक तव्यासारखा झाला की यंत्र बाद समजा, कारण उघड्या जागी तापमान वेगळं असतं आणि केस अडकून ओढला जातो. पट्ट्या मिटून उजेडासमोर धरा. मधून फट दिसली तर केस नीट दाबला जाणार नाही आणि एका बटेवरून तुम्ही चार वेळा हात फिरवाल.

पण माझ्या मते पट्टी कशाची आहे यापेक्षा यंत्रावर आकडा आहे की नाही हे पाहणं कितीतरी महत्त्वाचं. नुसतं चालू-बंदचं बटण आणि लाल दिवा असलेले स्ट्रेटनर एकाच तापमानावर चालतात, आणि ते बहुतेकदा 200 च्या वरचं असतं. सुक्या केसातलं केराटिन साधारण 200 अंशांच्या पुढे कायमचं बिघडायला लागतं, ओल्या केसातलं त्याच्या खूप आधी. बारीक, विरळ किंवा रंगवलेले केस असतील तर 150 च्या आत काम व्हायला हवं. मध्यम केसांना 160 ते 180 पुरतं. जाड, राठ, खूप कुरळ्या केसांना 190 लागू शकतात. मेंदी लावून लावून केस कडक झाले असतील, तर ते जाड दिसतात म्हणून आकडा वाढवू नका, आधी मानेजवळच्या आतल्या बटेवर करून पहा. खालच्या आकड्यापासून सुरू करा आणि पट्टी एकदा फिरवून बट बसत नसेल तरच 10 अंश वर जा. अंशांत तापमान दाखवणारं आणि ते कमी-जास्त करता येणारं साधं यंत्र, आकडा नसलेल्या चकचकीत महागड्या यंत्रापेक्षा मी केव्हाही घेईन.

यंत्राचा आकडा खरा आहे का, याची शंका असेल तर एक जुनी युक्ती आहे. पॅरिसमधल्या मार्सेल ग्रातो या केशभूषाकाराने 1870 च्या दशकात गरम चिमट्याने केसांत लाटा पाडायची पद्धत आणली. चिमटा ज्योतीवर तापवायचा, तापमापक कुठलं असणार? मग केसाला लावण्याआधी तो कागदावर टेकवून पाहायचे. कागद करपला तर चिमटा थंड व्हायची वाट पाहायची. आजही पांढरा टिश्यू पेपर पट्ट्यांमध्ये पाच सेकंद धरून पाहायला हरकत नाही. पिवळा पडला, करपट वास आला, तर केसाचंही तेच होणार आहे.

लांब, दाट केसांना रुंद पट्टी बरी, खांद्यापर्यंतच्या केसांना इंचभराची पुरते. आणि तिने वळवताही येतं. टाँगची नळी 19 मिलिमीटरची असेल तर घट्ट कुरळे, 25 ची मधले, 32 ची मोठ्या सैल लाटा. हॉट ब्रशने केस गुळगुळीत होतात पण पट्टीसारखे ताठ सरळ होत नाहीत. रोज ऑफिसला जाणाऱ्यांना बहुधा तेवढंच हवं असतं. हवेच्या झोताने केस गुंडाळून घेणारी डायसन एअररॅपसारखी यंत्रं 2018 पासून आली. ती केसाला तापलेला धातू लावून दाबत नाहीत आणि हवा 150 अंशांच्या आत ठेवतात, त्यामुळे दमट केसांवर चालतात. महाग आहेत, पण कल्पना योग्य आहे. ओल्या केसांवर चालतो असं सांगून विकला जाणारा, पट्ट्यांना वाफेची भोकं पाडलेला साधा स्ट्रेटनर मात्र मी घेणार नाही. तिथे चर्र आवाज हीच जाहिरात असते.

विजेकडे बघायचं राहून जातं, आणि तिथे नुकसान केसांच्या पलीकडे जातं. माझी मावसबहीण न्यू जर्सीहून येताना टाँग घेऊन आली. आपल्या बोर्डात बसावी म्हणून दुकानातून पिनेचा अडॅप्टर आणला, लावली, आणि दोन मिनिटांत प्लास्टिक जळल्याचा वास आणि धूर. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. अमेरिकेत 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. दाब दुपटीच्या जवळ गेला की साध्या तापणाऱ्या तारेत उष्णता साडेतीन पटींहून जास्त होते. उलट, इथला स्ट्रेटनर तिकडे नेला तर तो कोमटच राहतो. बाहेरून आलेल्या यंत्राच्या मुठीवरचं बारीक अक्षर वाचा: 100 ते 240 व्होल्ट असं लिहिलं असेल तरच ते दोन्हीकडे चालेल. नुसतं 120 असेल तर लावूच नका.

ड्रायरचं गणितही करून बघा. 2000 वॉटचा ड्रायर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. बेडरूममधला नेहमीचा छोटा सॉकेट 6 अँपिअरचा असतो, म्हणजे जेमतेम 1380 वॉट. पीन बसतेय म्हणून ड्रायर तिथे किंवा मोबाइल चार्जिंगच्या एक्स्टेन्शनवर लावला की सॉकेट गरम होतो, काळा पडतो. गिझर किंवा इस्त्रीसाठी दिलेला 16 अँपिअरचा मोठा सॉकेट वापरा, नाहीतर 1000-1200 वॉटचा ड्रायर घ्या. घरी वाळवायला तो पुरतो, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. स्ट्रेटनर बिचारा 50 वॉटच्या आसपास घेतो, तो कुठेही चालेल. आयएसआय खूण पहा. आणि यातलं काहीही बाथरूममध्ये, ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून वापरू नका. ड्रायरच्या मागच्या जाळीत केस आणि धूळ साचते ती महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने काढा, कारण जाळी तुंबली की हवा कमी आणि तार लाल होते.

आता हात कसा चालवायचा. केस पूर्ण वाळलेले, गुंता काढलेला. तळहाताच्या मागच्या बाजूने केसांच्या मुळाशी स्पर्श करून पहा, गारवा लागला तर ओल आहे. हीट प्रोटेक्टंट लावलं असेल तर तेही वाळू द्या. त्यातली सिलिकोन्स केसावर पातळ थर देतात, उष्णता सावकाश आत जाते, पट्टी घसरते. पण ते चिलखत नव्हे, ते लावून 230 वर केस धरले तर केस जळतीलच. बोटभर रुंदीची पातळ बट घ्या, मुळापासून थोडं अंतर सोडा आणि मध्ये न थांबता टोकापर्यंत एकाच चालीने उतरा. पाठोपाठ फणी धरली तर बट पसरलेली राहते. एकदा, फार तर दोनदा. बट जाड घेतली की आतल्या केसांना उष्णता पोचत नाही, मग आपण पुन्हापुन्हा फिरवतो आणि वरचे केस मार खातात.

टाँग वापरताना सगळ्यात जास्त चूक होते ती शेवटी. बट नळीवरून सोडली की ती गरम असते आणि आपण लगेच बोटांनी मोकळी करतो. बंध बसतात ते थंड होताना. म्हणून गुंडाळलेली बट तशीच तळहातावर उतरवून घ्या, क्लिपने डोक्याशी लावून ठेवा, आणि सगळं डोकं होऊन गार झाल्यावरच सोडा. गार होऊ दिलेली 160 अंशांची लाट, तशीच सोडून दिलेल्या 200 अंशांच्या लाटेपेक्षा जास्त टिकते. हे मी कितीतरी डोक्यांवर करून पाहिलंय.

खोबरेल तेलाबद्दल आपल्याकडे हमखास विचारतात. तेल चांगलंच आहे. 2003 साली मॅरिको या खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्हाण्याआधी आणि नंतर लावलेलं खोबरेल तेल केसातलं प्रथिन धुपणं कमी करतं असं दिसलं. त्याचे रेणू केसाच्या आत शिरू शकतात. पण ते लावायचं न्हाण्याच्या वेळेला. तेल चोपडून वर स्ट्रेटनर फिरवायचा नाही. घाण्याच्या खोबरेल तेलातून साधारण 175 अंशांनाच धूर यायला लागतो, म्हणजे 200 च्या पट्टीच्या कितीतरी आधीच. आपण केसांचं तळण करत असतो.

आणि पावसाळा. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये सकाळी तासभर बसून सरळ केलेले केस बसस्टॉपपर्यंत पोचेस्तोवर फुगतात, याचं फार वाईट वाटतं, मला माहीत आहे. हवेतलं पाणी तेच कच्चे बंध पुन्हा सोडतं. आकडा 220 केलात तरी बंध कच्चेच राहणार, फक्त केस जास्त भाजेल. त्या दोन-तीन महिन्यांत वेणी घाला, अंबाडा घाला, केसांच्या स्वाभाविक वळणाला धरून राहा. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तेच केस दिवसभर सरळ राहतील.

किती वेळा करावं याचा हिशोब केसाच्या वयावर आहे. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतच्या, समजा 60 सेंटिमीटरच्या केसाचं टोक पाच वर्षांचं असतं. त्याने पाच वर्षांचं ऊन, फणी आणि तुमचा प्रत्येक साखरपुडा, प्रत्येक लग्न पाहिलेलं असतं. केस हे मेलेलं ऊतक आहे, तो भरून येत नाही. फाटे फुटलेलं टोक कुठलंही क्रीम जोडत नाही, चिकटवून दोन दिवस झाकतं. म्हणून टोकांवर आकडा कमी ठेवा आणि पट्टी तिथे रेंगाळू देऊ नका. भाचीचे आम्ही त्या दिवशी ड्रायरने पूर्ण वाळवले, 160 वर एकेकदा पट्टी फिरवली, आणि आठवड्याने चार बोटं केस कापले.

घरी केस सरळ करायचं केराटिनचं किट आणून स्ट्रेटनरने बसवण्याचा प्रकार मात्र करू नका. अशा अनेक द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू निघतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरला आहे. दारं लावलेल्या बेडरूममध्ये, 220 अंशांवर, तोंडाशी ती वाफ घ्यायची काही गरज नाही.

भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको. कानाची पाळी आणि मान जास्त भाजते, तिथे ओला गार कपडा पुन्हापुन्हा बदलत ठेवा. फोड मोठा असेल किंवा डोळ्याजवळ असेल तर डॉक्टरांकडे जा.

बटण बंद केल्यावरही पट्ट्या पंधरा-वीस मिनिटं चटका देण्याइतक्या गरम राहतात, आणि दिवा मात्र विझलेला असतो. रांगतं मूल घरात असेल तर लोंबणारी वायर ओढून ते यंत्र अंगावर घेऊ शकतं. पलंगावर, टॉवेलवर ठेवू नका. पीन काढा, वायर गरम मुठीभोवती गुंडाळू नका, आणि स्वयंपाकघराच्या कडाप्प्याच्या ओट्यावर, भिंतीकडे सरकवून, वायर वर उचलून ठेवा. कपाटात ठेवायचं ते संध्याकाळी.